चढावरची गार हवा

संपत : हात धरून बघा पाव्हणे, चांगली गार हवा येऊन राह्यली. बिघाड कुठंय यात?

बिरू : तेच म्हणतो मी. बिघाडच न्हाई. यांना इचारा.

राधाकिसन : पाय दाबल्यावर बघा, मिस्त्री.

संपत : दाब मंग.

राधाकिसन : दाबला.

संपत : हं. घडीभर काचेकडं गेल्यावानी वाटली, अन् आली परत जाग्यावर. एवढ्यासाठी टेंभुर्णीहून आला का?

(जालन्यात संपत मिस्त्रीच्या गॅरेजसमोर, चिंचेखाली, अण्णासाहेबांची लांबलचक अमेरिकन गाडी उभी आहे. मुंबईच्या लिलावातून आलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि आत गार हवेचं यंत्र. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात, माणसं सावलीला महाग झालेली असताना, एवढी चैन तालुक्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. स्टिअरिंगवर बसलाय तो राधाकिसन, अण्णासाहेबांचा ड्रायव्हर. बायको गेल्यापासून हा भला माणूस सांगितलं तेवढं करतो आणि विचारलं तेवढं बोलतो. दुःख कुठं ठेवलंय ते त्याचं त्यालाच सापडत नाही. खिडकीपाशी उभा आहे तो त्याचा मेव्हणा बिरू. मेंढरं भावकीच्या भरवशावर टाकून आलाय, तोही तोंड फिरवूनच. खिडकीत वाकलेला संपत मिस्त्री या दोघांच्या मध्ये सापडलाय, आणि त्याला अजून काहीच ठाऊक नाही.)

संपत : मला आधी एक सांगा. तुम्ही गाडी दाखवायला आलात का भांडण? भांडणाचे पार्ट माझ्याकडं मिळत न्हाईत.

बिरू : मिस्त्री, माझी बहीण जयवंता, ती यांची बायको. दुष्काळी कामावर खडी फोडत व्हती. दुपारी ऊन लागून पडली. मालकीणबाईनं ही गाडी दिली. म्हणली जालन्याला न्या दवाखान्यात, आत गार हाय, जीव वाचंल. अन् यांनी गाडी कशी हाकली ते इचारा.

संपत : कशी रं?

राधाकिसन : हळू.

बिरू : हळू. खडीचा ट्रक मागून आला अन् म्होरं निघून गेला. आमचा कचरू व्हता ट्रकात, त्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. मालकाच्या गाडीला खडे लागतील म्हणून जपली यांनी. गाडी शाबूत राह्यली. डॉक्टरनं जयवंताचा हात हातात घेतला, अन् खाली ठेवून दिला.

राधाकिसन : तसं न्हाई.

बिरू : कसं ते मिस्त्रीला सांगा. मला नका सांगू.

राधाकिसन : जोरात चालवली की तोंडावरची गार हवा बंद व्हायची. समदी काचेवर जायची. हळू केली की परत यायची.

बिरू : ऐकलं? मातीच्या दिवशी हेच सांगितलं. मयतीचं घर नसतं तर आख्खी वाडी हसली असती. पायानं गाडी पळती, मान्य. पायानं वारा वळतो व्हय? यांची पोरगी माझ्या मायपाशी हाय. ज्यानं बायकोपरीस गाडी जपली, त्याच्या घरी तिला धाडायची न्हाई, असं ठरलंय आमचं. आज आलो ते हे म्हणले म्हणून. म्हणले, मिस्त्री दाखवंल.

संपत : आता आलं ध्यानात. सरका जरा, बॉनेट उघडू द्या. मला आधी वाटलं गॅस कमी झाला. पण गॅस कमी असला तर हवा गरम येईल, जागा कामून बदलंल? झडपंची तार तुटली असंल.

राधाकिसन : तार न्हाई हिला. मी पाह्यलं.

संपत : खरंच की. तारंच्या जागी ह्या रबरी नळ्या हायेत. हैदराबादेत उस्तादाच्या हाताखाली व्हतो तवा एका नवाबाची अशी गाडी आल्ती. पण तवा मी पाने-पकडी धुवायला. उस्ताद बॉनेटमधी डोकं घालायचा अन् मला फक्त त्याची पाठ दिसायची. इंजिन चालू ठेव, राधाकिसन. तुम्ही गप राहा जरा.

बिरू : मी कुठं बोललो?

संपत : ऐका. फुस्स करून राह्यलं का काही?

बिरू : हां. तिकडं. त्या पेटीच्या खाली.

संपत : तुमचे कान बरे हायेत. ती पेटी म्हंजे बॅटरी. तिच्याखाली पत्र्याचा डबा हाय. बंद कर इंजिन, काढतो भाईर. हं. आता सांगतो. आत एक झडप हाय. ती हवा तोंडावर सोडती, न्हाईतर काचेवर सोडती. तिला हलवायला हात न्हाई, तार न्हाई. इंजिन हवा ओढतं ना, त्याच ओढीवर नळीतून ती झडप ओढलेली राहती. ओढ सुटली की स्प्रिंग झडपंला उलटी फिरवती, अन् हवा जाती काचेवर.

बिरू : अन् पाय दाबल्यावर ओढ कामून सुटंल? दाबल्यावर तर इंजिन जास्ती ओढंल.

संपत : मला बी तसंच वाटायचं. ही नळी बघा, मी तोंडाला लावून दावतो. व्हट मिटून ओढलं तर ओढ लागती. तोंड वासून ओढा, काय लागंल? पाय दाबला की इंजिन तोंड वासतं. तेवढ्या वेळापुरती ओढ धरून ठेवायला हा डबा हाय. रांजणात पानी साठवतो तशी ह्यात ओढ साठलेली राहती. आता रांजण फुटका हाय का ते बघू. नळी तोंडात धरून ओढा अन् जिभेनं भोक बंद करा. जीभ धरून ठेवली तर डबा चांगला. थांबा, पुसून देतो. आत्ता मी तोंड लावल्तं.

राधाकिसन : द्या, मी ओढतो.

बिरू : न्हाई. तुमचं सांगून झालंय. मी बघतो.

संपत : मी बौद्ध हाय, पाव्हणे. आधी सांगितलेलं बरं.

बिरू : ठाऊक हाय. आल्या आल्या तुम्ही पानी पुढं केलं, मी तहान न्हाई म्हणलो. घसा कोरडा पडल्ता माझा. द्या ती नळी.

संपत : घ्या. काय म्हणती?

बिरू : काहीच धरत न्हाई. नुसती हवा येती.

संपत : आता मी डब्याच्या बुडाला बोट दाबतो. ओढा.

बिरू : धरली. चिकटली जिभेला.

संपत : अन् आता बोट काढलं.

बिरू : सुटली.

संपत : हे बघा. वरून बॅटरीचं ॲसिड ठिबकलं अन् पत्रा खाल्ला. मोहरीएवढं भोक हाय.

राधाकिसन : मी रोज गाडी पुसायचो. डब्यापर्यंत हात गेला न्हाई कधी.

बिरू : डबा फुटका हाय ते पाह्यलं. पण आत्ता यांनी पाय दाबला, अन् हवा तर लगेच परत आली.

संपत : उभ्या गाडीला ओझं न्हाई, पाव्हणे. रिकामा बैल कुठंबी उड्या मारतो. भरल्या गाडीनिशी चढाला लावा, मंग कळतं.

बिरू : मंग चढाला लावा.

संपत : चला. डबा तसाच फुटका जोडतो. राजूरच्या रस्त्याला हाय चढ. त्याच रस्त्यानं आल्ता ना, राधाकिसन?

राधाकिसन : त्याच. तिसऱ्या पहरी मालकाला गाडी पाह्यजे. पाव्हणे येणारेत.

संपत : येऊ दे. मी मागं बसतो. तुम्ही पुढं बसा, हवेम्होरं.

बिरू : जयवंता कुठं व्हती?

राधाकिसन : तिथंच. तू बसला तिथंच.

बिरू : आसं बसून?

राधाकिसन : टेकून. पदर भिजवून डोक्यावर ठेवल्ता.

संपत : कापडाचा कारखाना गेला मागं. आता चढ लागंल. पाव्हणे, हात हवेम्होरं धरा. चालव, राधाकिसन, जोरात.

राधाकिसन : दाबला.

बिरू : हाय की हवा. हाय अजून. कमी झाली. गेली.

संपत : काचेला हात लावा.

बिरू : काच गार लागती. हितं काहीच न्हाई. आत चुलीपुढं बसल्यावानी झालं.

राधाकिसन : आता पाय उचलतो.

बिरू : आली.

राधाकिसन : परत दाबू?

बिरू : दाबा. गेली. सोडा. आली. बास करा.

राधाकिसन : आसंच केलं मी. दाबली की तिची मान पडायची. सोडली की डोळे उघडायची. किती येळा केलं ते ध्यानात न्हाई. मंग दाबायचं सोडून दिलं.

बिरू : डोळे उघडायची ती?

राधाकिसन : बोलायची बी.

बिरू : बोलली? हे तुम्ही कुणाला सांगितलं न्हाई.

राधाकिसन : कुणी इचारलं न्हाई. गाडी हळू कामून हाकली, एवढंच इचारलं.

बिरू : काय बोलली?

राधाकिसन : तुझं इचारत व्हती. बिरू औंदा मेंढरं कुठं नेईल, पानी घावंल का त्याला. मंग म्हणली, पोरीला उवा झाल्यात, मायला सांगा. मंग हवेला हात धरला अन् म्हणली, मालक रोज आसं बसतात व्हय. हसली बी जराशी. मी पाय दाबाया गेलो तर म्हणली, हळूच घ्या, बरं वाटून राह्यलंय.

संपत : पानी हाय का रं गाडीत?

राधाकिसन : बाटली हाय, तुमच्या पायापाशी.

बिरू : मिस्त्री, जोरात आणली असती तर वाचली असती का?

संपत : ते मला कळत न्हाई, पाव्हणे. खोटं कामून सांगू? डॉक्टरला बी सांगता येईल का न्हाई, कोण जाणे. हवा कुठं गेली तेवढं मी सांगू शकतो. भोक नसतं तर यांना आसं निवडायची पाळी आली नसती.

बिरू : तुम्हाला काय वाटतं?

राधाकिसन : मला?

बिरू : तुम्हालाच.

राधाकिसन : जोरात आणाया पाह्यजे व्हती, आसं वाटतं. मंग तिची मान आठवती, अन् वाटतं हळू आणली ते बराबर केलं. मंग काहीच वाटत न्हाई. सकाळी उठतो, गाडी पुसतो, मालकाला नेतो, आणतो. रडाया पाह्यजे ते कळतं. येत न्हाई.

बिरू : मातीच्या दिवशी तुम्ही रडला न्हाई. माझ्या मायनं तेच धरलं. म्हणली, बघ, डोळ्याला पानी सुदिक न्हाई.

राधाकिसन : तिचं बराबर हाय. नव्हतं.

संपत : वळव आता, राधाकिसन. हा डबा काढून भोक झाळून बुजवून देतो. मंग मालकानं कितीबी जोरात नेऊ दे.

राधाकिसन : वळवतो.

बिरू : नका वळवू.

राधाकिसन : मालकाला गाडी द्यायचीय, बिरू.

बिरू : थोडं म्होरं घ्या. तिला आणली तेवढी हळू घ्या.

राधाकिसन : एवढी.

बिरू : एवढीच?

राधाकिसन : याच्यावर गेली की काचेवर जायची.

बिरू : लई गार हाय.

राधाकिसन : हां.

बिरू : दाजी.

राधाकिसन : बोल.

बिरू : उद्या या पोरीला न्यायला. ऊन चढायच्या आत या.