खिंडीतला मामा

गप बसा रं! मघापासनं ऐकतोय मी. सकाळी आठला गाडी काढायची, नवाला सातपिंपरी, देवाला नारळ, पावन्याकडं जेवन, चारला निघायचं, दिवा लागायच्या आत हिंगनमाळात परत. झाला बेत. लई शानी! आन् पुढं कुनी बसायचं यावरनं भावाभावांची तोंडं सुजल्यात. आन् वाट कुटली म्हनालास, सुभ्या? खिंडीची? जवळची पडती म्हनून?

आग लागो तुमच्या जवळच्या वाटेला. बसा खाली. लाईट येईस्तोवर ऐका.

ऐका. आपल्या हितल्या केरबा सुतारानं अशीच दिवेलागन झाल्यावर सातपिंपरीतनं सायकल भायेर काढली. एकटाच. आन् निघाला खिंडीच्या वाटेनं. आरं, मध्यान रात न्हवती, दिवेलागन म्हनतोय मी. भूत काय बारा वाजायची वाट बघत बसतंय व्हय? अंधार पडला की त्याची पहाट झाली.

त्याचाबी बेतच व्हता. बोटाच्या पेरावर मोजून केलेला. धाला निघायचं, बाराला मेव्हन्याच्या दारात, जेवायचं, चारला मेव्हन्याला सायकलवर डबलशीट घ्यायचं, सहाला हळदीला हजर. हळद कुनाची? त्याच्याच पोरीची, शेवंताची. त्या सांजंला हळद आन् दुसऱ्या दिशी सकाळी लगीन! आन् पोरीचा मामाच घरात न्हाय.

का न्हाय? तर मामा रुसलेला. मामा म्हंजे सातपिंपरीचा दत्तोबा, केरबाच्या बायकूचा पाठचा भाऊ. त्याचं रुसनं खोटं न्हवतं, आधीच सांगतो. लगीन निघालं की देवापुढं अक्षत ठिवायची आन् मंग पयलं बोलावनं मामाला. मामाच्या घरी जायाचं, कुंकू लावायचं, अक्षत द्यायची, तोंडानं म्हनायचं, "लग्नाला या." रीतच हाय ती. मामानं हाताला धरून पोरीला बोहल्यावर आनायचं असतंय, त्याला काय वाटंवरनं हाळी मारायची? आन् ह्या केरबानं काय केलं? बाजाराला चाललेल्या एका मानसाच्या पिशवीत पत्रिका टाकली. "जाता जाता दत्तोबाच्या दारात टाक," म्हनला. का, तर म्हनं पोरीच्या लग्नाच्या पाटाला रंधा मारायचा व्हता, सवड न्हवती!

मला अजून राग येतो बघा त्याचा. हसू नगं, तुमीबी तेच करता आता, फोनवर फोटू धाडता.

तर हळदीच्या दिशी सकाळी बायकू, अनसा, दारात उभी ऱ्हायली. म्हनली, "माजा भाऊ आल्याबिगर पोरीच्या अंगाला हळद लागायची न्हाय. आजच्या आज जावा, आन् त्याला घिऊनच या." तिनंच अक्षतीची पुडी बांधून त्याच्या खिशात घातली.

बेत कुटं फसला? दत्तोबाच्या दारात. बाराला पोचला गडी, पर दत्तोबा शेतातनं येईचना. मुद्दाम! निरोप गेला, दोन निरोप गेले. केरबा ओसरीवर बसलाय, चार वाजले, पाच वाजले. दत्तोबाच्या बायकूनं, ताराबाईनं, च्या दिला, जेवा म्हनली. त्यो जेवला न्हाय. मेव्हना आल्यावर पुडी काढायची, पाया पडायचं, असं ठरवून आल्यालं मानूस, पर सहा तास वळचनीला बसवलं की कुनाचं डोस्कं ऱ्हातंय जागंवर? दिस बुडाया लागला तवा दत्तोबा आला. पाय न धुता म्हनला, "या दाजी. आज पिशवीवाला न्हाय का घावला?"

झालं! ह्यो उठला, त्यो तापला. "बाजारच्या भाजीसंगं बोलावनं धाडता व्हय मला? वांग्याच्या भावात काढला मला?" "मग रुसून बस जन्मभर! तुज्याबिगर लगीन अडत न्हाय माज्या पोरीचं!" वाडी गोळा झाली. पुडी खिशातली खिशातच. केरबानं सायकल वढली आन् म्हनला, "जातो!"

ऐकलं का? "जातो" म्हनला. घराच्या उंबऱ्यावर, तिन्हीसांजंला. ताराबाई मागनं पळत आली, "दाजी, येतो म्हना! येतो म्हना हो!" तर हा वरडला, "जातो म्हनलं की जातो!" आन् गेला. जो येतो म्हनून निघतो त्याची घरं दोन असत्यात, एक मागलं आन् एक पुढलं. जातो म्हनला त्याला वाट उचलती. कुनाचाच न्हाय ना त्यो तवा.

खिंड चढाया लागली. सायकल हातात. चांदनं न्हाय, दिवा न्हाय. गडी आपला एकटाच बडबडतोय. "मला बसवून ठेवतो! मला! पोरीचा बाप मी!"

आन् बाजूनं कुनीतरी म्हनलं, "बरुबर हाय तुमचं."

बघतो तर एक मानूस. धोतर, खांद्यावर घोंगडं, सायकलीच्या पलीकडनं चालतोय. कधी आला, कुटनं आला, काय ठावं न्हाय. केरबाला भ्या वाटलं न्हाय, उलट बरं वाटलं. दिसभरात पयला मानूस भेटला ज्याला त्याचं पटलं. म्हनला, "बगा की पावनं, सहा तास बसवलं."

"सहा तास! लई झालं हे."

"पत्रिका धाडली न्हवती का मी?"

"धाडली व्हती की. अजून काय करावं मानसानं? तुमचं काय चुकलं न्हाय."

असं बोलत बोलत निघाले. लागला मैलाचा दगड, त्याच्यावर चार आकडा. म्हंजे हिंगनमाळ चार मैल. चढ संपला, बोलनं रंगलं, केरबानं मेव्हन्याच्या बापापतूर सगळ्यांचा उद्धार केला. फुडं दगड लागला. आकडा बघितला. चार.

आं? असंल, डोळ्याला अंधारी आली असंल. फुडं चालला. परत दगड. चार!

टांग मारली सायकलवर, उताराला सोडली. सुसाट! वारं कानात. आन् बाजूला बघतो तर त्यो मानूस तसाच चालतोय. पळत न्हाय हां. चालतोय. धापबी न्हाय. म्हनतोय, "मेव्हन्याचं सांगत व्हता न्हवं? सांगा की फुडं."

आन् दगड. चार.

चकवा! कळलं केरबाला. आता तुमाला ठावं हाय, भुताला शिव्या दिल्या की भूत पळतंय. केरबाला बी ठावं व्हतं. थांबला, पाय रवले, आन् घातल्या शिव्या. पोरीबाळी बसल्यात म्हनून सांगत न्हाय, पर सुताराच्या तोंडच्या शिव्या त्या, चांगल्या तासून काढलेल्या. आयमाय काढली त्याची. सगळ्या दिसाचा राग वतला.

त्यो मानूस वाढला.

ऐका, ऐका! एकेका शिवीला हातभर उंच! बाभळीच्या शेंड्याला डोस्कं गेलं आन् वरनं हसून म्हनतोय, "अजून. अजून द्या. लई दिसात कुनी एवढ्या रागात आलं न्हाय." बाकीची भुतं शिव्यांना पळत्यात. हे रागावर जगत व्हतं. घरनं दातओठ खात निघालेला एकटा मानूस, ही त्याची भाकरी.

केरबानं शिव्या थांबवल्या. तसं ते परत मानसाएवढं झालं. जवळ आलं. आन् लई गोड बोललं, "मेव्हना येत न्हाय तर नगं येऊ दे. पोरीचं अडायला नगं. मी येतो मामा म्हनून. मी धरतो शेवंताचा हात. मला बोलवा."

पोरीचं नाव त्यानं सांगितलंच न्हवतं.

"बोलावनं तेवढं द्या," म्हनलं आन् हात पसरला. "खिशातली अक्षत द्या."

त्यो हात बघितला केरबानं. ह्या हातात उद्या पोरीचा हात! आन् त्याच्या मनात न्हवतं तरी त्याचाच हात खिशात गेला. पुडी भायेर आली. बोटं गाठ सोडाया लागली. नगं म्हनतोय, नगं नगं म्हनतोय, आन् बोटं ऐकनात!

इतक्यात मागनं हाळी आली. "दाजी! ओ दाजी!"

दत्तोबाचा आवाज. ते म्हनलं, "मागं बघू नगा. भूत हाय ते. तुमचा मेव्हना जेवून झोपला कवाच." रानात मागनं हाळी आली तर वळायचं न्हाय, हे बी लहानपनापासनं ऐकल्यालं. कुनाचं खरं धरायचं? वळावं तरी मरन, न वळावं तरी मरन.

शेवटी धाडस करून वळला. बॅटरीचा उजेड घिऊन दत्तोबा पळत येतोय. आन् फुडं बघतो तर तितंबी दत्तोबाच! घोंगडंवाला गेला, त्याच्या जागी दत्तोबा. तेच नाक, तीच मिशी, कानातली बाळीसुद्धा.

फुडचा दत्तोबा हात जोडून म्हनला, "दाजी, माजंच चुकलं. तुमचं काय बी चुकलं न्हाय. द्या अक्षत."

मागचा दत्तोबा बोंबलला, "ओ दाजी! अक्कल पेंड खाया गेली का तुमची? घरात भांडायचं सोडून रानात कुनासंगं बोलत बसलाय? जातो म्हनून निघता, लाज हाय का? रीत मोडली तुमी, आन् तोंड वर करून मलाच बोलता! सगळी चूक तुमची हाय, आन् ताराच्या शिव्या मला!"

आन् केरबाला उमगलं. दिसभर त्याला कुनीतरी "तुमचं काय चुकलं न्हाय" म्हनावं असं वाटत व्हतं. पर घरचं मानूस असं म्हनत न्हाय. घरचं मानूस तोंडावर घालतंय.

गाठ सुटली व्हती. मूठ भरली. आन् सगळी ताकद लावून मूठ मागं फेकली, शिव्या देनाऱ्याच्या डोस्क्यावर. "दत्तोबा, चुकलं माजं! लग्नाला ये! माज्या पोरीचा मामा हायस तू!"

तसा फुडच्या दत्तोबाचा हंबरडा फुटला. ऐकवत न्हवता. रागाचा न्हाय, रडन्याचा. बघत्यात तर पसरलेला हात तसाच, रिकामा, आन् मंग हातबी न्हाय.

त्यो कोन, इचारतेस? तोबी एक मामाच. जुन्या काळातला. भाचीचं लगीन ठरलं आन् त्याला बोलावनं आलं न्हाय. "तुमचं माज्याबिगर अडत न्हाय न्हवं?" असं म्हनून ह्यो तडातडा घर सोडून निघाला, जातो म्हनून. खिंडीत येऊन बसला. कुनीतरी न्याया येईल, समजूत काढंल. लगीन लागलं, वरात गेली, कुनी फिरकलं न्हाय. आरं, एक मूठ तांदूळ! एवढ्यासाठी मानूस दगडापाशी बसून वाळला. त्या घरच्यांचाच राग येतो मला, भुताचा न्हाय येत.

तर हे दोघं निघाले. सायकल एक, दत्तोबा मागं. आन् भांडत निघाले! सगळी वाट भांडत. पत्रिकेवरनं, सहा तासांवरनं, मागल्या पंचमीवरनं. पर तोंडावर भांडत व्हते, म्हनून दगड लागत गेले नीट. तीन. दोन. एक. हिंगनमाळात पोचले तर साडेआठ वाजल्याले. एवढं सगळं झालं आन् साडेआठ! शेवंता पिवळं लुगडं नेसून हळदीच्या वाटीम्होरं ताटकळली व्हती. मामाला बघून रडली.

दुसऱ्या दिशी दत्तोबानं तिचा हात धरून बोहल्यावर आनली. पर सारखा मागं वळून बघत व्हता. केरबाला वाटलं, रातच्या भ्यानं. मंग पंगत उठल्यावर दत्तोबानं सांगितलं, "दाजी, मी भुताला भ्यालो न्हाय. त्याचं तोंड माजं व्हतं न्हवं, त्याला भ्यालो. तारा वरडली नसती तर मी घरातच रुसून बसलो असतो आन् पुढं त्याच्यावानीच त्या दगडापाशी गेलो असतो."

म्हनून सांगतोय, खिंडीनं जायाचं न्हाय. डांबरीनं जा, चार कोसाचे सहा पडू द्यात. आन् भुताचे पाय उलटे असत्यात म्हनून पाय बघत बसू नगा. केरबानं बघितले व्हते, सरळ व्हते. पाय नगा बघू, बोलनं ऐका. वाटंत कुनी भेटला, तुमच्या सगळ्या रागाला हो म्हनला, तुमचं काय बी चुकलं न्हाय म्हनला, तर त्याला गाडीत घिऊ नगा. त्याला जागा पायजेच असती. घरच्या मानसाची.