गुळाला चालेल, माणसाला नाही

काकू, नानांच्या शिकवणीतली सगळी मंडळी, गल्लीतले भिया लोक, दादा लोक... नाना गेले, आणि तुम्ही मला बोलायला उभं केलंत. मला बोलवत नाहीये. थकलोय.

ज्या दुपारी एका मुलीने मला लिहिलं, "तू इनहेरंटली भांडखोर आहेस," त्या दुपारी माझं सगळं फिरलं. माझी मैत्रीण, धार गावची, इथे नानांकडेच शिकलेली. कॉलेज मी भांडून अर्ध्यातच सोडलेलं. आता तीही मला सोडून गेली. आणि शब्दाचा अर्थही धड कळेना. हिंदी मीडियमचा मी. तडक देवासला नानांकडे आलो, याच खोलीत. दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ खाली आलं.

नाना म्हणाले, "दार." एवढंच. मग, "पाणी पी. शब्द कोणता?"

सांगितला.

"क्रियाविशेषण आहे. लॅटिनमधून आलंय. मुळात अर्थ, आत चिकटून राहणं. जे वरून कोणी घातलं नाही, अंगचंच आहे, त्याला लावतात. गूळ इनहेरंटली गोड, चालेल. चहा? चहात कोणीतरी साखर घालतं."

"आणि मी, नाना?"

"माणसाला हा शब्द तो गेल्यावर लावावा. जिवंतपणी घाई होते, बाबू."

मग मी रोज यायचो. रोज दार आपटायचो. रोज नाना म्हणायचे, "दार." आवाज कधी चढला नाही. एकदाही नाही.

म्हणून काल ठरवलं, आता तो शब्द लावायचा. नाना इनहेरंटली शांत होते. काकूंना वाक्य ऐकवलं. नाना गेल्यापासून काकू पहिल्यांदा हसल्या. "शांत? अरे, जेवणाची ताटं भिरकावायचे! तुझ्याहून वाईट. मग गिळायला लागले राग. रोज गिळायचे."

रोज! तुम्हाला कुणाला माहीत होतं? मी एवढी दारं आपटली, तेव्हाही गिळतच होते?

वाक्य खोडलं. दुसरं सुचलं नाही.

ती मुलगी आज मागे बसली आहे. तिच्याशी वाद नाही. ती चुकली असंही म्हणत नाही. मी अजून जिवंत आहे, एवढंच.

आता सगळे उभे राहा. नानांसाठी थोडा वेळ गप्प राहू या. मला आत थांबणं जमणार नाही, मी बाहेर जातो. हेच दार ओढून घेईन. तुम्हाला ते लागलेलं ऐकू येऊ नये, असं बघतो.

नाना, येतो. दार लावतो.