पोत्यातला पाला

परदेशी तपासनिसाच्या नजरेतून काडीसुद्धा सुटत नाही, असं कृष्णकांतांचं ठाम मत होतं. सदर भागातल्या कुरिअर ऑफिसच्या रांगेत पुढे उभ्या बहीणभावाचं बोलणं कानावर पडेपर्यंत ते टिकलं.

"ताई, सुटला माल! तिकडच्या बंदरातून आत्ताच मेल आला. आपली ऑरगॅनिक तूरडाळ पास!"

"सुटलो गा बाप्पा! वीस दिवसांपासून घास नव्हता उतरून राहिला मले."

"नवा नियम हाय ना. एकेक पोतं उघडून पाहून राहिले ते. अन् तू पोत्यात कडुनिंबाचा पाला टाकलेला!"

"टाकीन नाही तं काय? आईनं जनमभर टाकला. डाळीले कधी कीड नाही लागली."

"त्यायले बॉम्ब सापडल्यावानी झालं. पाला कोणता, काहून टाकला, सारं लिहून मागतलं."

"मंग काय लिवलं तू?"

"पारंपरिक जैविक कीडरोधक. खूश झाले ना ते!"

"झाड कुठचं, ते तं नाही इचारलं?"

"नाही. काहून वं ताई?"

"काही नाही गा. आपल्या नंदनवन कॉलनीतल्या नालीजवळचं हाय. दर शुक्रवारी कार्पोरेशनवाले डासांचं औषध मारते ना, त्याच्यावर."