आक्का आत आहे, थांबा!

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही म्हणून ताईनं गळ्याची शपथ घातलीय, पण तुम्हीच सांगा, एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून मी भूगोल पाठ कसा करायचा? चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण आज फुटणार!

आमची मीनाक्षीताई शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर काम करते. हो, कॉम्प्युटर! आहे एकच, पण त्यात असा प्रोग्राम घातलाय की नकाशावाल्यांना वाटतं हा आपल्या एकट्याचा, आणि साचेवाल्यांनाही वाटतं आपलाच. एका पोटात दोन खोटे कॉम्प्युटर! फायली मात्र सामाईक. प्रत्येक फाइलीची एक चिठ्ठी असते, नाव काय, ठेवलीय कुठं... तर दोघांनी एकदमच एका चिठ्ठीत बदल केला, आणि पंपाचा नकाशाच गडप! भट्टी थंड. साहेब ताईला म्हणाले, "शनिवारपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर परत टायपिंगला बसा." एकाचा हात चिठ्ठीवर असताना दुसऱ्यानं थांबावं, म्हणून चिठ्ठीला कुलूप हवं हे सगळ्यांना कळत होतं हो, पण लावायचं कुठं?

पुण्याहून बोलावलेले तज्ज्ञ नाकातून म्हणाले, "ज्यानं त्यानं आपापल्या कॉम्प्युटरात लावावं." ताईला ते पटेना. जेवतानाही एकच, लावायचं कुठं?

आता आमची न्हाणी. आम्ही आणि शेजारचे पिराजीकाका, दोन घरांत एकच, दोन्हीकडून दार. आमची कडी आमच्या घरात, त्यांची त्यांच्या. आक्का, म्हणजे आमची आई, शुक्रवारी केस धुवायला निघाली की घरभर ओरडते, "मी आत चाललोय, कोन यायचं न्हाय!" आम्ही तिकडं फिरकत नाही. पण पिराजीकाकांना काय ठाऊक? आले की बादली घेऊन! आक्काच्या डोळ्यांत शिकेकाई, हातात तांब्या...

"कोन त्ये?"

"मी हाय, पिराजी!"

ठण्ण! थेट कपाळावर.

आम्ही धावलो, आणि ताई? ती नाचायलाच लागली! "कड्या घरात कशाला? न्हाणीच्या आतून हव्यात! आत जाईल त्यानं दोन्ही दारं लावायची!"

तुम्हाला सांगते, शनिवारी तिनं साहेबांपुढं हेच सांगितलं, पिराजीकाकांच्या टेंगळासकट! कुलूप वरच्या दोन खोट्या कॉम्प्युटरांत नको, खाली, जिथं चिठ्ठ्या असतात तिथं. तज्ज्ञ म्हणाले, "मग सगळेच खोळंबतील." ताई म्हणाली, "सगळे कशाला? हात लागलेली चिठ्ठी तेवढी बंद, बाकीच्या मोकळ्या."

भट्टी पेटली, ताई नोकरीत कायम झाली! आणि आता तिथं चिठ्ठी अडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येतं, "आक्का आत आहे, थांबा!" आणि सगळी फाउंड्री आदबीनं थांबते. माझ्या आईच्या नावानं!

आक्काला न्हाणीवरून हे सुचलं, पडद्यावर तिचं नाव येतं, यातलं काहीच माहीत नाही. लेकीनं कुलपाची जागा शोधली म्हणून गल्लीभर पेढे वाटतेय, आणि आत्ताच जयसिंगपूरचे पावणे...

"आगं ए पोरी, भाईर ये की! आमच्या मीनाक्षीला त्ये कसं सुचलं, सांग की पावण्यास्नी! लाजतीस काय?"

आले, आक्का! ...बघा, जन्मात पहिल्यांदा बोलायला बोलावलंय, आणि आता पावण्यांना मी काय सांगू, की आमच्या आक्कानं त्या दिवशी तांब्या हाणला, म्हणून सुचलं?