हौदात पडलेली नळी

आमी भिस्ती. सोलापुरात शुक्रवार पेठंत आमचं घर, आज्याच्या आदीपास्नं हाय, आन भिस्ती म्हंजी काय ते तुमाला ठावं असंलबी मास्तर, पन तुमी नळाचं पानी पिऊन वाढलेली मानसं, म्हनून सांगतो. बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची मशक शिवायची, ती पान्यानं भरायची, पट्टा खांद्याला अडकवायचा आन पाठीवर घिऊन दारोदार हिंडायचं. आमचे अब्बा रस्त्यावर पानी मारायचे, लगनात मांडवापुढची धूळ बसवायचे, आन मोहल्ल्यात प्यायचं पानी भरायचे. हिंदूंच्या घरात आमचं पानी न्हानीपत्तुर, चुलीपाशी न्हाय, त्येचं आमाला कधी वाईट वाटलं न्हाय, त्येंची रीत त्येंच्यापाशी. पन रीती आमच्याबी व्हत्या की, आन त्या कुनापेक्षा कमी न्हवत्या, हे मातर नीट लिवा.

रस्त्याची मशक येगळी आन प्यायची येगळी, प्यायच्या मशकीला लाल दोरी, मरंस्तवर अदलाबदल न्हाय. मशकीचं तोंड भुईला टेकू द्यायचं न्हाय. मी एकदा दमून विहिरीच्या कडंला मशक तशीच आडवी टाकली, तोंड चिखलात, तर अब्बांनी भर मोहल्ल्यात पायातली वहान काढून मला बडवलं, आन वर म्हनले की ही तुज्या थोबाडावर न्हाय मारली, मशकीच्या थोबाडाला माती लागली म्हनून मारली. आन एक रीत लई मोठी. कुनाला पानी पाजायच्या आदी भरनाऱ्यानं सोता त्यातलं एक कटोरा प्यायचं. लोकांच्या देखत प्यायचं. पान्यात काय वंगाळ असलं तर ते आदी आमाला भोवंल, मग तुमाला. माजी बायको फातमा, अक्कलकोटच्या भिस्त्याचीच लेक, बाजारात कानडी बोलायची आन घरात आमच्यासारकं, तिनंबी ही रीत कधी मोडली न्हाय, तान्ह्या पोरीला पानी पाजताना सुदिक आदी सोता प्यायची. मी हसायचो, म्हनायचो अगं घरात कोन बघतंय, तर म्हनायची बघाया कशाला पायजे.

फुडं पेठंत नळ आले. चांगलं झालं, मी नळाला नावं ठेवनारा मानूस न्हाय, बायकांची डोकी मोकळी झाली. पन आमच्या पोटावर पाय आला. गिरनीत जावं तर माजा दम पुरंना. मग एक फिरता सिनेमा व्हता, तंबूतला, गावोगाव बाजाराच्या जागंला तळ टाकायचा, त्येच्या मालकाला पान्याचा मानूस पायजे व्हता. तंबूतली धूळ बसवायची, सैपाकाला आन प्यायला पानी आनायचं, जनावरांचा हौद भरायचा. मी आन फातमा दोगंबी लागलो, ती भाकरी थापायची आन प्यायच्या पान्याचं पिंप तिच्या हवाली. माजी एकच पोर, जैतून, तिचा नवरा रसूल त्याच कंपनीत इंजनावर व्हता. ह्यो रसूल कोन, तर माज्या सख्ख्या भनीचा ल्योक. भाचा म्हनून लाडानं पोर दिली. लाडानं दिली, काय सांगू तुमाला.

रसूल हुशार, न्हाय म्हननार न्हाय मी. इंजन बिघडलं की नुस्तं कान लावून सांगायचा काय दुखतंय ते. पन हुशारी डोक्यात गेली की मानसाला दुसरं कायबी दिसत न्हाय. त्येनं कुटनं तरी एक रबराची लांब नळी आनली. तळाजवळ नळ असला की त्येच्या तोटीला ही नळी बांधायची आन पानी पायजे तितं न्यायचं. मालक खूश, समदी खूश. मला म्हनला मामू, तुजं ते मेलेलं बकरं आता पेटीत ठिव. मी म्हनलं ठिवतो, पन दोन नळ्या आन, एक इंजनाला आन जनावराला, एक मानसाच्या तोंडाला. तर हसला. म्हनला नळी आतनं धुऊनच निघती की, पानीच वाहतंय तिच्यातनं. म्हनलं अरे तुजी नळी दिसभर शेनात लोळती, इंजनाच्या तेलात लोळती, तिचं तोंड तरी फडक्यानं बांध, तोंड वर टांगून ठिव. तर मालकाला ऐकू जाईल असं म्हनला, मामूला आता नळीची सोयरीक जुळवायची हाय. समदे हसले. मालकबी हसला. मी मशक पेटीत ठिवली न्हाय. आमी दोगं मशकीचंच पीत राह्यलो, बाकीचे पिंपाचं.

मग ते माळशिरसच्या अलीकडचं. उसाच्या गाड्या उतरायचा माळ, तितंच आमी तंबू ठोकला. शेजारी एका मळ्यावर इंजनाचा पंप व्हता, त्येनं पाइप टाकून माळावर एक नळ दिलेला आन नळाखाली हौद बांधलेला, गाड्यांच्या बैलांसाठी. पंप चालू असला की नळाला पानी, बंद झाला की न्हाय. आता हितं नीट ऐका. टाकी न्हवती मदी कुटं. पंप थांबला की पाइपातलं पानी उताराला माघारी पळायचं. आन तोटी उघडी असली, आन तोटीला बांधलेल्या नळीचं तोंड पान्यात बुडलेलं असलं, तर ते माघारी पळनारं पानी नळीतनं समदं वढून नेतं. माठाच्या तळाचं पानी पोरं पपईच्या देठानं वढून पेतात न्हवं, तसंच.

रसूलनं दुपारी नळी तोटीला बांधली, तोंड हौदात टाकलं, तोटी उघडी ठिवली आन इंजनाकडं गेला. त्या हौदात सकाळी एका गाडीवानाच्या बायकोनं धडुती खळबळली व्हती. तिचा दादला उलट्या-जुलाबानं गाडीखाली पडलेला, हे आमाला मागनं कळालं. तिला मी दोष देत न्हाय, बाई परगावची, नवरा मरायला टेकलेला, ती काय विहीर हुडकत जाईल व्हय. मी त्या वख्ताला मशक घिऊन लांबच्या विहिरीला गेलेलो. पंप बंद पडला, मग परत सुरू झाला. फातमानं नळी उचलली आन पिंप भरलं, कारन सैपाकाची घाई, आन जैतून पोटुशी, दिवस भरत आलेले, ऊन लई, तिला तहान लागलेली.

मी आलो तर रसूल वाटंतच भेटला, हसत. म्हनला मामू, गंमत सांगतो, आपला हौद आपोआप रिता व्हाया लागला, एक बैल प्याला न्हाय आन पानी निम्म्याला आलं, नळी नुस्ती फुसफुसत व्हती. गंमत म्हनला. त्येला गंमत वाटली. माज्या पाठीवर भरलेली मशक व्हती, तशीच टाकली आन पळालो.

फातमा पिंपापाशी बसलेली. म्हनली आज पान्याला वास हाय वो, मी कटोराभर प्याले, शेनाचा आन कसला तरी, म्हनून समदं वतून दिलं, पिंप राखेनं घासतीया, कुनाला एक घोट दिला न्हाय. मी म्हनलं, आन जैतूनला? म्हनली तिला कशी दीन, आदी मीच प्याले न्हवं का. असं म्हनली आन परत घासाया लागली.

दुसऱ्या दिशी सकाळी तिला उलटी झाली. पटकीच ती. हात-पाय गार, डोळे आत, आवाज बसलेला. कोनतरी डागतरला आनायला गेला, डागतर दुसऱ्या गावाला. मी तिच्या उशाशी. ती मला म्हनली, मला समजलंय कशानं झालं ते, मी हौद बघितला काल. पन रसूलचं नाव काडू नका. पोरीचे दिवस भरल्यात. तिला त्येच्याच घरात आयुष्य काडायचं हाय, आईला मारनारा नवरा म्हनून ती कशी राहील. माज्या गळ्याची शपत घ्या. मी म्हनलं घेत न्हाय जा. तिनं माजा हात धरला आन आपल्या गळ्यावर ठिवला, ताकद न्हवती तरी ठिवला. मग घेतली की शपत. काय करनार व्हतो. दिवस मावळायच्या आत गेली.

आता ऐका मालकाची अक्कल. माळावर पटकी म्हनल्यावर लोक खेळाला कसे येनार. तंबू रिकामा. मग मालक म्हनला, कंपनीत समदे पिंपाचं पानी पेतात, ते धडधाकट हायेत, मशकीचं पानी फकस्त ही दोगं पेत व्हती, म्हंजी कातड्यातनंच झालं. म्हनलं मालक, मीबी तेच प्यालोय, मी हुबा हाय तुमच्यापुढं. तर म्हनतो तुज्या अंगात ते मुरलंय. बघा. जी बाई सोता पिऊन पिंपातलं पानी ह्येंच्या तोंडातनं काडून वतून देती, तिच्यामुळं हे जगले, आन तेच तिच्या इरुद साक्ष. कातडं इटाळाचं आन रबर चोख. रबर कशाचं असतंय त्येला तरी ठावं हाय का.

बाजाराच्या लोकांना बोलावलं, चारचौघांच्या देखत माज्या दोनी मशकी काडल्या, घासलेट वतलं आन पेटवल्या. अब्बांच्या हातची शिवन व्हती त्यातल्या एकीची. मी रसूलकडं बघितलं. त्येला समदं ठावं व्हतं मास्तर, हौद कसा रिता झाला ते त्येनंच मला सांगितलं व्हतं, येडा न्हाय त्यो, कान लावून इंजनाचं दुखनं वळखनारा मानूस. हुबा राह्यला. जैतून त्येच्या शेजारी रडत व्हती, त्येनं तिच्या पाठीवर हात ठिवलेला. आन त्याच सांजंला खेळ झाला, तंबू भरला, इंजन झकास चाललं.

मला कंपनीनं काडलं. मी हितं पेठंत आलो, आता एका तालमीपुढं पानी मारतो बादलीनं, दोन घास मिळतात. रसूल हाय तितंच, मालकाचा उजवा हात. पन आता त्येच्याकडं दोन नळ्या हायेत बरं का. एक इंजनाची, एक प्यायची, प्यायचीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, खुटीला वर टांगलेली, आन पंप थांबायच्या आदी तोटी बंद करतो, पयलं पानी सोडून देतो. जैतूननंच सांगितलं मला, कवतिकानं, म्हनली अब्बा, ह्येंचं पान्याचं लई चोख असतंय. अगं बये. चोख असनारच की, माजी फातमा घालवून शिकला त्यो. हे मी मनात म्हनलं. तोंडानं म्हनलं व्हय.

त्येनं एकदा तरी यावं, माज्याकडं एकट्यानं यावं, आन म्हनावं मामू, चुकलं. मी काय त्येला खानार हाय का. पन त्यो येत न्हाय, येतो तवा बायको-पोरीला मदी घिऊन येतो, ढालीसारकं. ह्येचाच राग हाय मला. नळी पडली हौदात, पडूंदे, कुनाच्याबी हातनं पडंल. पन तू एका म्हाताऱ्याची मशक जळताना बघत राह्यलास, भाड्या, आन तुज्या बायकोला आपल्या बापाचा इटाळ मानू दिलास.

व्हय, मानती ती. तेच सांगाया तुमाला बसवलंय. माजी पोर माज्या हातचं पानी पेत न्हाय. तिला वाटतं आईला माज्या मशकीनं मारलं, आन मी हट्टानं ती सोडली न्हाय, जावई सांगत व्हता तरी. परवा ईदला आली. नात, तवा पोटात व्हती ती, खेळून दमली, घामानं भिजली, माज्याकडं आली, म्हनली नाना, पानी. मी उठलो, माठाचं झाकन काडलं, तर जैतून आतनं पळत आली, पोरीचा दंड धरला, म्हनली त्यातलं नगं, आपन घरनं आनलंय. पिशवीतनं तांब्या काडला, फडक्यानं तोंड बांधलेला. रसूल भितीला टेकून शेवया खात व्हता. त्येनं समदं बघितलं आन मान खाली घातली. माज्या जिभंवर आलं व्हतं मास्तर, अक्षी दातापत्तुर आलं व्हतं, की बोल रं आता, तूच सांग तिला.

नात घटाघटा पानी प्याली, तिनं तोंड पुसलं, आन माज्याच मांडीवर यून बसली. तिच्यापुढं काय बोलायचं. अल्ला तिला सुखी ठिवो. आन त्येलाबी ठिवो, दुसरं काय म्हननार मी. त्यो बाप हाय तिचा, त्येला कायबी झालं तर ती रडंल.