चौकातली दोन केंद्रं आणि दहाचा ठोका

सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या टोपी विणकर मंडळाच्या प्रमुख माननीय लिबियाबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले फादर ओक्तावियो, 'रेडिओ नीब्ला' आणि 'रेडिओ इराका' या आपल्या दोन्ही केंद्रांचे, जन्मात पहिल्यांदाच एका बाकावर बसलेले, सन्माननीय मालक, आजचे सत्कारमूर्ती अर्नुल्फोसाहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी आणि आपणा सर्वांच्या लाडक्या नोएमीबाई, आणि एवढ्या धुक्यातून चाचपडत का होईना, पण आपल्या आग्वादास गावच्या मानाने वेळेवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

रेडिओवरच्या माणसाच्या निरोपाला न्हाव्याचं भाषण कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला होता. मी लिबियाबाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "अनिबाल, गावात दोन्ही केंद्रं ऐकणारा तू एकटा आहेस. बाकी सगळे एका बाजूचे." बाईंचं म्हणणं खरं आहे. चौकाच्या एका टोकाला नीब्ला, दुसऱ्या टोकाला इराका, आणि मधोमध माझं दुकान. दुकानात दोन खुर्च्या आणि दोन रेडिओ. आरशाजवळच्या खुर्चीला नीब्ला, दाराजवळच्या खुर्चीला इराका. गिऱ्हाईक आलं की मी कसे कापू हे नंतर विचारतो, आधी विचारतो, "काय ऐकणार?"

तेव्हा दोन शब्द तुलनेचे बोलतो. कुणी राग मानू नये.

दोन्ही केंद्रं जुन्याच गाण्यांची. पण जुनं गाणं वाजवण्यातही किती तऱ्हा असाव्यात? नीब्ला पहाटे जपमाळेने उघडतं आणि मग गिटारवरचे संथ बांबुको लावतं. इराका उघडतं ते थेट मेक्सिकोच्या दारुड्या प्रेमभंगाने, आणि दोन गाण्यांच्या मध्ये गुरांच्या बाजाराचे भाव. दुपारी दोघांकडेही तांगो. नीब्लाचा निवेदक सांगतो की अमुक वादक तमुक वर्षी ब्वेनोस आयरेसला कुणाच्या साथीला होता. इराकाची निवेदिका सांगते की हे गाणं ऐकून आपल्या गावच्या कुणी कुणाला पळवून नेलं होतं. मृत्यूची बातमी नीब्लावर ऑर्गनच्या सुरावर येते, मयताचं पूर्ण नाव, दोन्ही आडनावं, सगळं अगदी रीतसर. ऐकून माणूस म्हणतो, अरेरे, कोण बुवा हे? मग इराका लावायचं. तिथे नोएमीबाई सांगतात, "अहो, आपला 'शिळी आरेपा' गेला हो, कालची मक्याची भाकरी खाणारा!" आणि मग कुठे गाव रडायला लागतं.

आपल्या विणकर बायकांना विचारा. टोपीची सुरुवात, तो टाळूवरचा बारीक वेढा, नीब्ला लावून करायचा, कारण तिथे ताडाचं एक पातं चुकलं की सगळं उसवावं लागतं. काठ आला की इराका. काठाला हात आपसूक चालतात, कान मोकळे असतात. लिबियाबाई मान हलवताहेत, म्हणजे मी बरोबर बोलतोय.

पण खरी तुलना दहा वाजताची. सकाळी दहा ते अकरा नीब्लावर अर्नुल्फोसाहेब आणि त्याच वेळी इराकावर नोएमीबाई. एका घरातून बरोबर निघायचं, चौकात येऊन एकाने डावीकडे वळायचं आणि एकीने उजवीकडे. वीसेक वर्षं हेच. साहेबांचा तास म्हणजे देवळातली शांतता. बोलेरो, पासियो, गाणं पूर्ण, पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत. गाण्यावर एक शब्द नाही. लांबातली लांब ध्वनिमुद्रणं शोधून आणायचे. गाणं संपलं की गायक, वर्ष, गिटारवर कोण, आणि पुढचं गाणं. रेकॉर्ड कशी ऐकावी हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो, यात शंका नाही.

आणि बाईंकडे? इस्त्रीची गाणी. इस्त्री करता करता बायका ज्यावर मोठ्याने रडतात ती. तीही अर्धीमुर्धी, कारण मध्येच बाई बोलणार. कुणाचं वासरू सुटलं, कुणाची मुलगी पेरेइराहून आली, आणि या सगळ्याच्या मध्ये, रोज, न चुकता, 'आमचे हे'.

'आमचे हे' रात्री गॅस बंद आहे की नाही बघायला तीनदा उठतात. 'आमच्या ह्यांनी' राजमा करपवला आणि खापर मांजरावर फोडलं. 'आमचे हे' लग्नात नाचताना मनातल्या मनात आकडे मोजतात आणि ओठ हलतात. साहेब, आपण एवढे अबोल, एवढे टापटिपीचे, पण आपल्या पायमोज्यांची कुंडली या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ आहे. आणि आमची समजूत अशी की आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही. कसं असणार? त्याच तासाला आपण स्वतः समोरच्या इमारतीत माइकपुढे. आणि आपल्याला सांगायची हिंमत कुणात होती? दर शनिवारी मी आपली दाढी करत होतो, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. न्हावी गप्प राहिला, मंडळी! यावरून गावाने काय सोसलं ते समजा.

मग साहेबांच्या गळ्याचं दुखणं निघालं. मानिसालेसच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाज घरापुरता उरेल, माइक सोडा. साहेबांनी सोडला. गाव हळहळलं. पण हळहळ ओसरते न ओसरते तोच लिबियाबाई धावत दुकानात आल्या. म्हणाल्या, "अनिबाल, मेलो आपण! सोमवारी दहा वाजता तो माणूस घरी असणार. रेडिओ लावणार. आणि बायको काय बोलते ते ऐकणार!"

हसू नका, तेव्हा कुणी हसत नव्हतं. साहेबांचा स्वभाव आपण जाणता. मानी माणूस. दुखावला तर ओरडणार नाही, कायमचा गप्प होईल. आणि नोएमीबाई तर आधीच दोघीतिघींना बोलून चुकल्या होत्या, "ह्यांना लागलं तर मी माइक सोडून देईन. ह्यांच्यापेक्षा कार्यक्रम मोठा नाही." म्हणजे एक आवाज गेलाच होता, दुसराही जाणार. दहा वाजता चौकात मग उरणार काय? नीब्लावर साहेबांच्या जागी मालकांनी संगणक बसवलाय. मालक, गैरसमज नको, संगणक गुणी आहे. पण मेलेल्या माणसाला ओळखत नाही.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की दहा ते अकरा साहेबांना घरी बसूच द्यायचं नाही. सोमवारी फादरनी त्यांना घंटाघराचं घड्याळ दाखवायला नेलं. फादर, घड्याळ ठीक होतं ना? होतं, फादर मान्य करताहेत. मंगळवारी विणकर मंडळाला अचानक शुद्ध उच्चारांची शिकवणी हवी झाली. कुणी त्यांना बाग दाखवली, कुणी आजारी गाय. साहेब प्रत्येक ठिकाणी टोपी हातात घेऊन सभ्यपणे उभे. आठवडा गेला. पुढच्या सोमवारी पाळी माझी होती. दहा वाजता दाढीला बोलावलं आणि दोन्ही रेडिओ बंद ठेवले.

अर्धी दाढी झाली. साहेब आरशात बघत म्हणाले, त्या बसक्या आवाजात, "अनिबाल, मी निवृत्त झालो तर दहा ते अकरा माझ्यावाचून गावाचं इतकं अडायला कसं लागलं?"

मी म्हटलं, "आपली थोरवी, साहेब."

"थोरवी राहू दे. इराका लाव."

"साहेब, तो रेडिओ बिघडलाय."

"अनिबाल, तुला खोटं बोलता येत नाही. झालेल्या गालावरून पुन्हा वस्तरा फिरवतोयस. लाव."

लावला. दुसरं काय करणार? दुकानात आणखी तिघं होती, ती भिंतीला चिकटली. गाणं चालू होतं. नोएमीबाईंनी नेहमीप्रमाणे ते मध्येच तोडलं. मी डोळे मिटले. म्हटलं, आता येतो राजमा. पण बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मैत्रिणींनो, आज 'आमच्या ह्यां'बद्दल काही सांगणार नाही. घरी आहेत आता. पण रोज दहाला बाहेर पडतात. इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांना ऐकता येत नाही. आता कळलं, ऐकायचंच नाहीये. असू दे. पुढचं गाणं लावते."

मंडळी, आम्ही जे वाचवायला निघालो होतो ते आम्हीच मोडत होतो. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. साहेबांकडे बघायची सोय नव्हती. ते उठले. गळ्याभोवती माझा टॉवेल, एका गालावर फेस. तसेच दाराबाहेर पडून चौकातून चालायला लागले. हा माणूस कोटाचं वरचं बटण लावल्याशिवाय कधी दारात आला नव्हता! आणि गेले कुठे? थेट इराकाच्या जिन्यावर, जिथे त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

पुढचं आपण सगळ्यांनी ऐकलंय, तरी सत्कारात पुन्हा सांगायला हरकत नसावी. गाणं चालू असतानाच दार वाजलं. बाईंचा आवाज आला, "अगंबाई! अहो, हा काय अवतार?"

"अनिबालने अर्धीच केली."

"माइक चालू आहे हो."

"असू दे. नोएमी, राजमा मी करपवला नव्हता. मोठा गॅस तू ठेवला होतास."

"राजमा? ती गोष्ट किती जुनी! तुम्हाला कुणी सांगितली?"

"तूच."

"मी? कधी?"

"तू सांगितलीस तेव्हाच. माझ्या टेबलाच्या खणात एक छोटा रेडिओ असायचा, कानात घालायच्या तारेचा. गाणं वाजत असताना मला दुसरं काम काय होतं? म्हणून तर मी लांबलांब गाणी लावायचो."

मंडळी, इतकी वर्षं आम्ही ज्याला संगीताचा आदर समजत होतो तो हा! गाण्यावर एक शब्द बोलायचा नाही, कारण साहेब कान लावून बायकोचं ऐकत होते. इराकावर त्यानंतर बराच वेळ काहीच वाजलं नाही. फक्त बाईंचं हसणं आणि नाक ओढणं. माझ्या दुकानात तिघंही रडत होती, मी चौथा. अध्यक्षबाई, आपणही रडलात, नाही म्हणू नका.

नोएमीबाई, आपण उठलात? चुलीवरचं चॉकलेट उतू जातंय? अवश्य बघून या, पाहुण्यांना ते लागणारच आहे. मी तोवर नीब्लाच्या बातमीपत्रावर थोडं बोलतो.

गेल्या का? मागच्यांनी ते दार जरा लोटून घ्या. लक्ष ठेवा.

आता पुढचं पटकन सांगतो. साहेब, माफ करा, पण हे लोकांना कळायला हवं. त्या दिवशी दाढी पुरी करताना मी साहेबांना विचारलं, "एवढं ऐकत होतात तर बाईंना कधी बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "बोललो असतो तर ती जपून बोलायला लागली असती." आणि तसंच झालं ना! दुसऱ्या दिवशी आठवतंय? दहा वाजता बाईंनी गाणं लावलं आणि ते पूर्ण वाजलं. दुसरंही पूर्ण. 'आमचे हे' नाहीतच. मध्ये नुसतं गायकाचं नाव. घरी रेडिओपुढे बसलेला नवरा डोळ्यांसमोर, बोलणार काय ती? तिसऱ्या दिवशीही तेच. बायकांच्या टोप्यांचे काठ वाकडे यायला लागले.

मग चौथ्या दिवशी साहेब दहाच्या आधी घरातून निघाले, बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी जरा बाहेर जातो, तुझं ते आज काही ऐकता येणार नाही," आणि माझ्या दुकानात येऊन आरशाजवळच्या, म्हणजे नीब्लाच्या, खुर्चीत बसले. मला म्हणाले, "दाराजवळचा लाव. हळू. आणि बाहेर बोलायचं नाही." तेव्हापासून रोज येतात. दाढी रोज नसते, मी नुसता टॉवेल गुंडाळतो. आणि बाई पुन्हा पहिल्यासारख्या बोलताहेत. काल तर त्यांनी पायमोज्यांचं सगळं नव्याने काढलं. साहेब टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत होते.

बाईंना ठाऊक आहे का? इराकाची खिडकी माझ्या दुकानासमोर आहे आणि बाईंची नजर अजून सुईत दोरा ओवते. परवा त्या माइकवर म्हणाल्या, "आमचे हे हल्ली रोज न्हाव्याकडे जातात, थोड्या दिवसांत डोक्यावर काही उरायचं नाही." म्हणजे काय ते तुम्ही समजा. तिला ठाऊक आहे की तो ऐकतोय, त्याला ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे, आणि दोघंही एकमेकांसाठी हे न कळल्यासारखं चालवतात. माझं लग्न दोनदा झालं, मंडळी. एवढं प्रेम मला एकदाही जमलं नाही.

काय? आल्या?

...तर बंधुभगिनींनो, असं हे नीब्लाचं बातमीपत्र, भाषा स्वच्छ आणि वेळ पाळणारं. या नोएमीबाई, बसा. चॉकलेटचा वास इथवर आला. मी आपला समारोपच करत होतो.

अर्नुल्फोसाहेबांना डॉक्टरांनी भाषणाची मनाई केली आहे, म्हणून त्यांच्या वतीनेही मीच आभार मानतो: विणकर मंडळाचे, फादरचे, दोन्ही मालकांचे, आणि त्या मुलींचे ज्यांनी सत्काराची ही टोपी विणली. साहेब, टाळूचा वेढा आपल्या तासाला विणला आहे आणि काठ बाईंच्या. आपण निवृत्त झालात म्हणतात, पण आपल्यासारखा श्रोता या गावाला फार वर्षं लागणार आहे.

बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही कमीजास्त गेलं असेल तर ते मला भरा, घरी नेऊ नका. आणि सभागृहाला हात जोडून विनंती: मधल्या वेळात मी नीब्लाच्या बातमीपत्राबद्दल जे सांगितलं, ते आपण कुणीही ऐकलेलं नाही. उद्या दहा वाजता साहेब काही कामासाठी बाहेर जाणार आहेत. कुठे, ते आपल्याला माहीत नाही.

नमस्कार.