शेवटच्या घरचा निकोलाउस

नोटबुर्गा : परत आलीस? तीही भरली करंडी घेऊन? अगं, वर शेवटच्या घरात माझी नात खिडकीला नाक लावून बसलीय, आणि आज रात्री पोरांना खाऊ वाटणारा संत निकोलाउस, म्हणजे तू, इथं माझ्या चुलीपाशी बूट वाळवतोय!

क्रेसेन्स : उतार ओलांडता येणार नाही, आई. बर्फ सुटेल.

नोटबुर्गा : कुठला बर्फ? गवताची टोकं दिसतायत अजून. हिमकडे कोसळतात ते मार्चात. वीतभर बर्फाला घाबरली माझी सून, आणि म्हणे बचाव पथकात आहे!

क्रेसेन्स : म्हणूनच परतले. हे बघा, खणून तळाचा आणलाय डब्यात. मुठीत दाबा.

नोटबुर्गा : ...गोळा होईना की. साखरेसारखा ओघळतोय.

क्रेसेन्स : ऑक्टोबरात पडलेला. सावलीत, थंडीनं असा झाला. त्याच्यावर कालच्या वाऱ्यानं नवा बर्फ थापलाय, घट्ट.

नोटबुर्गा : म्हणजे साखरेवर ठेवलेला पाट.

क्रेसेन्स : तसंच. मी पाऊल टाकलं तर आतून धप्प आवाज आला. पुढं भेग पळत गेली.

नोटबुर्गा : पाऊल टाकलंस?

क्रेसेन्स : कडेलाच. एकच.

(नोटबुर्गा डबा खाली ठेवते.)

नोटबुर्गा : ते मोजे काढ. ओले आहेत. काढ म्हणते ना! हे घे माझे.

क्रेसेन्स : पण आपल्या घरचा निकोलाउस कधी चुकला नाही, असं तुम्हीच...

नोटबुर्गा : मी पुष्कळ काही बोलते. सगळं ऐकायचं नसतं सुनेनं.

क्रेसेन्स : वेफा रडेल हो.

नोटबुर्गा : रडू दे. रडणारी नात गप्प करता येते. गाडलेली सून कुठून उकरून आणू? फोन लाव माझ्या लेकीला. म्हणावं, पोरीला खिडकीतच बसव. देवळाच्या टेकाडावरून ती खिडकी समोर दिसते. कंदील घेऊ, घंटा घेऊ.

क्रेसेन्स : टेकाडावर भीती नाही. पण दरीपलीकडं माझा आवाज जायचा नाही.

नोटबुर्गा : निकोलाउसच्या सोंगाची ती बिशपची टोपी दे इकडं.

क्रेसेन्स : तुम्ही?

नोटबुर्गा : माझा आवाज पोचत नाही असं कोण म्हणालंय आजवर? ...ओरडण्यानं बर्फ नाही ना गं सुटत?

क्रेसेन्स : नाही, आई. ती जुनी समजूत.

नोटबुर्गा : मग दाढी बांध. हळू, केस ओढतेस! आणि काय सांगू पोरीला?

क्रेसेन्स : निकोलाउस अर्ध्या वाटेवरून परत फिरला, असं सांगा.

नोटबुर्गा : सांगते. शहाणा होता, हेही सांगते.